आजी-आजोबांच्या वेळेची कदर

प्रश्न: आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. आमची ६ वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर आणि २ वर्षांचा मुलगा दिवसभर माझ्या सासू-सासऱ्यांजवळ असतो. त्यांच्यावाचून आमचे घर चालणार नाही हे आम्हाला कळते, पण त्यांच्याशी होणारे बोलणे मात्र लाड, मोबाइल आणि झोपेच्या वेळा यांच्याबद्दलच्या तक्रारींचेच असते. माझे आईवडील दूर राहतात. मुलांचा त्यांच्याशी संबंध व्हिडिओ कॉलपुरता उरला आहे. आजी-आजोबांच्या भूमिकेची खरी कदर कशी करावी आणि ती मुलांमध्ये कशी रुजवावी?

उत्तर: आपल्या प्रश्नातली कळकळ मला जाणवली, म्हणून माझे मत आधीच स्पष्टपणे मांडते. आजी-आजोबांची कदर करायची असेल, तर त्यांचा वेळ हा त्यांचा स्वतःचा आहे, हे सर्वांत आधी मान्य करावे लागते. तो वेळ नातवंडांसाठी मिळतो तेव्हा तो विचारून घेतलेला असावा, गृहीत धरलेला नसावा. आभाराचे शब्द, भेटवस्तू, वाढदिवसाचे कौतुक हे सगळे त्यानंतर येते. कुटुंबांचे समुपदेशन करताना मी अनेक घरे अशी पाहिली आहेत, जिथे आजी-आजोबांचे कौतुक भरपूर होते, परंतु त्यांना ‘उद्या जमेल का?’ असे मात्र कित्येक वर्षांत कोणी विचारलेले नसते.

कदर करण्याआधी ते नेमके काय करतात हे पाहायला हवे, कारण त्यांच्या कामाचा फार थोडा भाग डोळ्यांना दिसतो. मुलांना आणणे, भरवणे, झोपवणे हा झाला दिसणारा भाग. आपण कार्यालयात निश्चिंत मनाने काम करू शकता, मूल तापले तरी घरी विश्वासाचे माणूस आहे म्हणून एक बैठक अर्धी सोडून धावावे लागत नाही, पती-पत्नींना एखादी संध्याकाळ एकमेकांशी बोलायला मिळते, हाही त्यांच्याच कामाचा परिणाम आहे. तो कोणत्याही हिशेबात येत नाही. शिवाय मुलाला घरात असे एक मोठे माणूस मिळते, ज्याला त्याच्या प्रगतीची घाई नसते. आईवडिलांच्या प्रेमात उद्याची काळजी मिसळलेली असते आणि ती असणारच, कारण मूल घडवण्याची जबाबदारी त्यांची आहे. आजी-आजोबा त्या जबाबदारीपासून थोडे बाजूला असतात, म्हणून ते मुलाकडे आज ते जसे आहे तसे पाहू शकतात.

हे काम केवळ सोयीचे नाही; माणसाच्या घडणीतच त्याला जागा आहे, असे अनेक मानवशास्त्रज्ञ मानतात. माणसाचे मूल फार वर्षे परावलंबी असते, आणि पहिले मूल स्वतःचे पोट भरण्याइतके मोठे होण्याआधीच दुसरे जन्माला येते. एकट्या आईच्या हाताबाहेरचे हे काम आहे. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर टांझानियातील हाड्झा या शिकार आणि संकलनावर जगणाऱ्या समाजात निरीक्षणे केली, तेव्हा त्यांना वयस्क स्त्रिया अन्न गोळा करण्यात तरुण स्त्रियांपेक्षाही अधिक वेळ घालवताना दिसल्या. आईच्या कुशीत नवे बाळ आले की मोठ्या भावंडाच्या वजनातली वाढ आईच्या नव्हे, तर आजीच्या कष्टांशी निगडित असल्याचे त्यांच्या नोंदींतून पुढे आले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एका जुन्या प्रश्नाला नवे उत्तर सुचवले. मूल होण्याचे वय सरल्यावरही स्त्री एवढी वर्षे का जगते, हा तो प्रश्न. नातवंडे जगवण्यात तिचा हातभार लागतो म्हणून, हे ते उत्तर. या उत्तरावर आजही वाद आहेत, तरी त्याला आधार देणारे पुरावे इतर ठिकाणांहूनही मिळाले. १८ व्या आणि १९ व्या शतकांतील फिनलंड व कॅनडातील कुटुंबांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये संशोधकांनी दाखवले की वयाच्या पन्नाशीनंतर स्त्री जगली त्या दर १० वर्षांमागे तिला सरासरी २ नातवंडे अधिक लाभली. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशातल्या खेड्यांच्या १९५० ते १९७४ या काळातील नोंदींत आईची आई हयात असलेली लहान मुले, विशेषतः अंगावरचे दूध सुटण्याच्या वयातली, अधिक प्रमाणात जगल्याचे आढळले.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिले, कारण घरातल्या घरात ‘आम्ही त्यांना मुले सांभाळायची संधी देतो, त्यांचा वेळही छान जातो’ असे वाक्य सहज बोलले जाते. आजी-आजोबांचा वेळ घालवण्यासाठी म्हणून नातवंडे नसतात. माणसांची मुले वाढली ती अनेक हातांनी, आणि त्या हातांत आजीचे हात फार महत्त्वाचे होते. त्यामुळे आजी-आजोबांना मदतनीस म्हणण्यापेक्षा संगोपनातले भागीदार म्हणणे मला अधिक योग्य वाटते. भागीदाराला मत असते, मर्यादा असतात आणि नकाराचा अधिकारही असतो.

आता प्रमाणाचा मुद्दा, जो माझ्या मते आपल्या घरात सर्वांत निकडीचा आहे. नातवंडांच्या सहवासाने वृद्धांना बरे वाटते ही समजूत बरीचशी खरी आहे, पण तिला अट आहे. बर्लिनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ५०० हून अधिक व्यक्तींची १९९० ते २००९ या काळातील माहिती तपासली गेली. त्यात अधूनमधून नातवंडे सांभाळणारे आजी-आजोबा तसे न करणाऱ्यांपेक्षा अधिक जगल्याचे दिसले. मात्र नातवंडांची पूर्ण जबाबदारी ज्यांच्यावर होती, असे लोक त्या अभ्यासात नव्हतेच. शिवाय मुळात प्रकृती बरी असलेला माणूसच मुले सांभाळायला पुढे येतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मेलबर्नमधील एका लहान अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आठवड्यातून एक दिवस नातवंडे सांभाळणाऱ्या आजींची स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी चांगली होती. आठवड्यातून ५ किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्यांची एका चाचणीतली कामगिरी मात्र खालावलेली आढळली, आणि आपली मुले आपल्याकडून फार अपेक्षा करतात अशी भावनाही त्यांच्यात अधिक होती. एवढ्या छोट्या पाहणीवरून मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही समुपदेशनात मला जे दिसते त्याच्याशी हे जुळते. नातवंडांचा कंटाळा आला असे म्हणणारी आजी मला क्वचितच भेटते. त्या सांगतात ती वेगळी गोष्ट: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, कारण त्या आठवड्यात मुलाला शाळेतून आणायला कोणी नव्हते, मैत्रिणींचे भेटणे सुटले, कारण ती वेळ नेमकी मुलाच्या झोपेची होती. आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रारीपेक्षा अपराधीपणाच अधिक असतो.

आपल्याकडे मुलगा दिवसभर आणि मुलगी अर्धा दिवस त्यांच्याजवळ असते, म्हणजे हे पूर्णवेळ काम आहे. २ वर्षांच्या मुलामागे दिवसभर राहणे तरुण शरीरालाही जड जाते. म्हणून पहिले पाऊल म्हणजे त्यांच्याशी कामाच्या वेळेबद्दल बसून बोलणे, आणि हे बोलणे आपल्या पतीने सुरू करावे. सून विचारते तेव्हा सासूबाईंना त्यात नाराजीची शंका येऊ शकते. मुलगा विचारतो तेव्हा तो आपल्या आईवडिलांची काळजी करतो आहे हे सरळ पोहोचते. ‘तुम्हाला त्रास होतो का?’ असे मोघम विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘नाही रे, कसला त्रास’ हेच येणार. नेमके विचारावे: आठवड्यातला कोणता वेळ तुम्हाला पूर्णपणे स्वतःसाठी हवा आहे? डॉक्टरांकडे जायचे कोणते काम राहून गेले आहे? दुपारी कोणी मदतीला आले तर बरे वाटेल का? मुलांसाठी तुम्ही तुमच्या खिशातून जे खर्च करता, त्याचे काय करायचे? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो लहान नसतो. नातवंडांना भेट देण्याचा त्यांचा आनंद त्यांच्याजवळच राहू द्यावा, पण औषधे, रिक्षा आणि रोजच्या वस्तू यांचा खर्च आईवडिलांनी न मागता उचलावा.

त्यांनी मोकळेपणाने ‘आठवड्यातले दोन दिवस आम्हाला नको’ असे सांगितले, तर त्या दोन दिवसांची सोय पाळणाघरात किंवा अन्य मार्गाने करावी लागेल. त्याला पैसे पडतील, धावपळ वाढेल आणि सुरुवातीला मूल रडेल. तरीही ते करावे. नकार दिल्यावर घरातले वातावरण बदलत नाही असा अनुभव एकदा आला की मगच त्यांचा होकार खऱ्या अर्थाने मोकळा होतो.

आपण उल्लेख केलेल्या तक्रारींकडे वळते. त्या सगळ्या एका पातळीच्या नाहीत, आणि त्यांना एकाच सुरात मांडल्यामुळेच बहुतेक घरांत वाद चिघळतात. मुलाच्या सुरक्षिततेचे प्रश्न वेगळे. त्यांत आईवडिलांचा आणि डॉक्टरांचा शब्द अखेरचा असावा, पण सांगताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आजी-आजोबा जे करतात ते त्यांच्या काळात योग्य मानले जात होते. तान्ह्या बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला एकेकाळी अनेक देशांतले डॉक्टरच देत असत. १९९० च्या दशकात उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण अमेरिकेत सुमारे निम्म्यावर आले. म्हणून ‘तुम्हाला कळत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘आता याबद्दल नवी माहिती मिळाली आहे’ असे सांगणे हे सौजन्यही आहे आणि सत्यही. शक्य असेल तेव्हा त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे बरोबर न्यावे. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या माणसाचे निरीक्षण डॉक्टरांच्या उपयोगी पडते, आणि सूचना थेट कानावर पडल्यामुळे सुनेचा निरोप वाटत नाही.

मोबाइलचा प्रश्न मुख्यतः थकव्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २ वर्षांच्या मुलाने बसून मोबाइल किंवा टीव्हीचा पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला १ तासापेक्षा अधिक नसावा, आणि कमी असेल तेवढे चांगले. ही मर्यादा आपण जरूर सांगा. परंतु दुपारी अडीच वाजता पाठ टेकल्याशिवाय ज्यांना चालतच नाही, त्यांच्या हातून पडदा काढून घ्यायचा असेल तर त्या तासाला दुसरे काहीतरी द्यावे लागेल. एखादी मदतनीस, शेजारच्या मुलांबरोबरचा खेळ, किंवा आपल्यापैकी एकाने कामाच्या वेळांत केलेला बदल, यांपैकी काहीही चालेल. नुसता उपदेश केला तर पडदा चालूच राहील, फक्त आपण घरी यायच्या आधी बंद होईल, आणि त्या लपवाछपवीत ६ वर्षांची मुलगीही सामील होईल. ते नुकसान तासाभराच्या चित्रफितींपेक्षा मोठे आहे.

उरले लाड. झोपेची वेळ अर्ध्या तासाने पुढे जाणे, एखादा हट्ट पुरवला जाणे, शिस्तीत थोडी ढिलाई असणे, यांबाबत मी आईवडिलांना माघार घ्यायला सांगते. आजीकडे एक नियम आणि आईकडे दुसरा, हे मुलांना फार लवकर कळते आणि त्याने ती गोंधळत नाहीत. आईने ‘नाही’ म्हटलेली गोष्ट आजीने तिच्यासमोरच मोडून काढली, किंवा आजीचा निर्णय आईने मुलांदेखत हाणून पाडला, तर मात्र ती गोंधळतात. म्हणून घरात एक नियम दोन्ही बाजूंनी कसोशीने पाळावा: मतभेद मुलांसमोर बोलायचा नाही, तो रात्री मुले झोपल्यावर बोलायचा.

‘माझ्या नवऱ्याच्या लहानपणी हेच सासरे किती कडक होते, आणि आता नातवाला रागावतही नाहीत’ असे अनेक सुना मला सांगतात, कधी कौतुकाने, कधी थोड्या दुःखाने. यामागे ढोंग नसते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात ५० आजींच्या मेंदूचे चित्रण करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नातवंडाचे छायाचित्र पाहताना भावनिक सहवेदनेशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाल्याचे दिसले. स्वतःच्या मोठ्या झालेल्या अपत्याचे छायाचित्र पाहताना मात्र त्याच्या मनात काय चालले असेल हे समजून घेण्याशी संबंधित भाग पुढे आले. नातवंड हसले की आजी हसते. मुलाकडे पाहताना ती विचार करू लागते. आपल्या पतीला वडिलांच्या जुन्या कठोरपणाचा सल असेल, तर तो वेगळा मांडायला हवा, कारण नातवाच्या लाडांवरच्या तक्रारीतून तो कधीच नीट बाहेर पडत नाही.

प्रत्येक आजी-आजोबांकडून एकाच साच्याची अपेक्षाही ठेवू नये. बर्नीस न्यूगार्टन आणि कॅरोल वाइन्स्टाइन या संशोधकांनी शिकागो परिसरातील ७० आजी-आजोबा जोडप्यांच्या मुलाखतींवरून १९६४ मध्ये या भूमिकेच्या पाच तऱ्हा सांगितल्या. कोणी औपचारिक अंतर ठेवून आपुलकी जपतात, कोणी नातवंडांबरोबर खेळगडी होतात, कोणी आईवडिलांची जागा घेतात, कोणी घराण्याचे अनुभव सांगणारे ज्येष्ठ असतात, तर कोणी सणासमारंभापुरतेच भेटतात. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना ही भूमिका काही ना काही कारणाने अवघड किंवा निराशाजनक वाटत होती, हे मला त्या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजी झाले म्हणजे आनंदच व्हायला हवा, अशी सक्ती आपण नकळत करत असतो. आजोबांच्या बाबतीत तर उलटी चूक होते. त्यांना फक्त मुलांना सोडण्या-आणण्याचे काम दिले जाते आणि मुलांशी त्यांचे स्वतंत्र नाते जुळू शकते याचा विचारच होत नाही. त्यांना जे येते, मग ते सायकल दुरुस्त करणे असो, बुद्धिबळ असो की झाडांची निगा असो, त्यात मुलीला रोज थोडा वेळ त्यांच्या हाताखाली सोपवावे.

आपल्या आईवडिलांविषयी. दूर असलेल्या आजी-आजोबांना ‘त्यांना बोल, हॅलो म्हण’ अशा कॉलने फारसे काही मिळत नाही. २ वर्षांचे मूल गप्पा मारू शकत नाही आणि दोन मिनिटांत उठून जाते. तरी व्हिडिओ कॉल निरुपयोगी नाही. २४ ते ३० महिन्यांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पडद्यावरचे माणूस प्रत्यक्ष प्रतिसाद देत असेल तर मुले त्याच्याकडून नवे शब्द शिकली. तेच आधी चित्रित करून दाखवले तर शिकली नाहीत. फरक पाडतो तो प्रतिसाद. म्हणून कॉलवर काहीतरी एकत्र करावे: दोन्हीकडे तेच चित्रांचे पुस्तक ठेवून वाचणे, गाणे म्हणताना एक ओळ इकडून आणि एक तिकडून म्हणणे, वस्तू लपवणे आणि शोधणे. वेळ ठरलेली असावी, १० मिनिटे पुरतात, आणि सुरुवातीला आपल्यापैकी एकाने मुलाजवळ बसावे. जवळच्या आणि दूरच्या आजी-आजोबांची तुलना मात्र कोणापुढेच करू नका, विशेषतः ‘बघा, या किती करतात’ अशा स्तुतीच्या रूपात.

मुलांमध्ये कदर कशी रुजवावी, याचे उत्तर शिकवण्यात कमी आणि आपल्या बोलण्याच्या सुरात अधिक आहे. आपण सासूबाईंशी ज्या स्वरात बोलता, तोच स्वर मुलगी उद्या वापरील. त्याखेरीज दोन गोष्टी ६ वर्षांच्या मुलीला सहज जमतात. एक म्हणजे आजी-आजोबांसाठी करण्याचे रोजचे एक ठरलेले काम, जे खरोखर उपयोगाचे आहे: औषधाच्या वेळेची आठवण, चष्मा जागेवर ठेवणे, दुपारी त्यांच्या विश्रांतीच्या तासात धाकट्याशी शांतपणे खेळणे. केवळ घेणारे मूल आजीला सेवा समजू लागते. थोडे देणारे मूल तिला माणूस म्हणून पाहू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या हकिकती. मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश या एमरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी कुटुंबाच्या इतिहासाबद्दलचे २० प्रश्न तयार केले होते: आईवडील कसे भेटले, आजी कुठे वाढली, घरात कोणते संकट आले होते, असे. ज्या मुलांना अधिक उत्तरे माहीत होती, त्यांचा आत्मसन्मान आणि आपले आयुष्य आपल्या हाती आहे ही भावना अधिक असल्याचे आढळले. नुसती उत्तरे पाठ करून घेतली तर मात्र त्याचा काही उपयोग नाही. ती उत्तरे मुलाला ठाऊक असतात, कारण कोणीतरी त्याच्याजवळ निवांत बसून बोललेले असते. त्यातही यशाच्या गोष्टींइतक्याच पडल्या-झडल्याच्या गोष्टी सांगायला आजोबांना उत्तेजन द्या. गेलेली नोकरी, परीक्षेतले अपयश, त्यातून कसे सावरलो, हे आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या मुलीला स्वतःच्या पहिल्या अपयशाच्या वेळी त्याचा आधार होईल.

एका गोष्टीची तयारी आतापासून करावी. मुलगा शाळेत पूर्णवेळ जाऊ लागेल, मुलगी स्वतः येऊ-जाऊ लागेल, आणि आजी-आजोबांची गरज एकाएकी कमी होईल. काम संपले की येणे-जाणे, फोन, विचारपूस हळूहळू आटते, आणि इतकी वर्षे दिवस भरलेला असणाऱ्या माणसांना ती पोकळी फार जाणवते. म्हणून आठवड्यातला थोडा वेळ आजच असा ठेवा, ज्यात मुले आजी-आजोबांना भेटतात पण त्यांच्यावर कोणतेही काम नसते. भरवणे, आवरणे, लक्ष ठेवणे हे त्या वेळेत आपण दोघे करता.

पहिल्या संभाषणात ते बहुधा ‘आम्हाला काही नको’ असेच म्हणतील. तो विषय तिथेच सोडू नका. आठवडाभराने आपल्या पतीने ठोस प्रस्ताव घेऊन जावे: येत्या महिन्यापासून शनिवार आणि रविवार मुलांची सर्व जबाबदारी आमची, आणि मधल्या एका दिवसाची सोय आम्ही बाहेर केली आहे. तो दिवस कोणता असावा, हे मात्र त्यांना ठरवू द्यावे.